विद्युत गिटारच्या पिकअपची निवड

पिकअप हा विद्युत गिटारमधील तारांच्या कंपनांचे विद्युत संदेशात रूपांतर करणारा घटक होय. गिटारबरोबर आलेले पिकअप काढून त्यांच्या जागी दुसरे बसवण्याची प्रथा वादकांमध्ये १९७०च्या दशकापासून रूढ झाली. लाकूड, नेक आणि ब्रिज तेच राहूनही केवळ पिकअप बदलल्याने वाद्याचा आवाज चटकन ओळखू येण्याइतका पालटू शकतो. तथापि निवड करताना जाहिरातींतील विशेषणांवर किंवा विद्युत रोधाच्या एकाच आकड्यावर भिस्त ठेवली जाते, आणि पैसे खर्च होऊनही मूळ तक्रार पुष्कळदा तशीच राहते. आवाजातील कोणत्या गुणदोषाचे मूळ पिकअपमध्ये आहे व कोणत्याचे अन्यत्र, हे आधी ठरवणे हा या निवडीचा गाभा आहे. पिकअप बदलण्याचे प्रयोग ज्या वाद्यावर सर्वाधिक होतात त्यांपैकी एक म्हणजे फेंडर कंपनीचे स्ट्रॅटोकॅस्टर. या लेखात मुख्य उदाहरण त्याचेच घेतले आहे.

रचना व कार्य

पिकअपमध्ये कायम चुंबक आणि त्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. स्ट्रॅटोकॅस्टरच्या एका पिकअपमध्ये या तारेचे साधारणपणे साडेसात ते आठ हजार फेरे असतात आणि तिची जाडी सुमारे ०.०६ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाएवढी असते. चुंबकाच्या सान्निध्यामुळे गिटारची पोलादी तार स्वतःही किंचित चुंबकित होते. ती छेडली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहते आणि मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वानुसार वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. हाच क्षीण दाब केबलमधून ॲम्प्लिफायरकडे जातो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पिकअप हवेतील ध्वनी ऐकत नाही, तो तारेची हालचाल टिपतो. म्हणूनच नायलॉनच्या तारांवर तो मुकाच राहतो, आणि ब्राँझ गुंडाळलेल्या तारांचा केवळ आतला पोलादी गाभा त्याला जाणवतो. दुसरी, तो तारेची हालचाल सर्वत्र टिपत नाही, स्वतःच्या डोक्यावरच्या तेवढ्याच भागाची टिपतो. स्ट्रॅटोकॅस्टरचा नेकजवळचा पिकअप मोकळ्या तारेच्या साधारण एकचतुर्थांश लांबीवर येतो. तेथे तारेचे आंदोलन मोठे असते, त्यामुळे आवाज भरीव व गोल येतो. ब्रिजजवळचा पिकअप ब्रिजपासून जेमतेम ४ सेंटिमीटरवर असतो. तेथे मूळ स्वराचे आंदोलन फार लहान असते आणि वरच्या उपस्वरांचा वाटा तुलनेने मोठा, म्हणून आवाज तीक्ष्ण परंतु बारीक लागतो. हा भेद जागेचा आहे, पिकअपचा नव्हे. दोन्ही जागी तंतोतंत एकच पिकअप बसवला तरी तो तसाच राहतो. ब्रिजजवळचा पिकअप नेकजवळच्यासारखा वाजावा, ही अपेक्षा कितीही महाग पिकअप पुरी करू शकत नाही.

विकासाचा मागोवा

पहिला व्यावसायिक चुंबकीय पिकअप जॉर्ज बीचम व ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या प्रयत्नांतून १९३१-३२ च्या सुमारास आला. तो मांडीवर ठेवून वाजवण्याच्या हवाईयन पद्धतीच्या गिटारवर होता आणि त्यात नालाच्या आकाराचे चुंबक तारांना वरून वेढत असत. १९३६ मध्ये गिब्सनचे ईएस-१५० हे गिटार आले. चार्ली ख्रिश्चन यांनी जॅझमध्ये ते नावारूपाला आणले. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५० च्या सुमारास टेलिकॅस्टरचा पूर्वावतार आणि १९५४ मध्ये तीन पिकअपांचे स्ट्रॅटोकॅस्टर बाजारात आणले.

हे सारे पिकअप एका वेटोळ्याचे, म्हणजे सिंगल कॉइल. एकेरी वेटोळे तारेच्या कंपनाबरोबरच आसपासच्या ट्रान्सफॉर्मर व विजेच्या तारांचे बदलते चुंबकीय क्षेत्रही टिपते. अमेरिकेत वीजपुरवठा ६० हर्ट्झचा, भारतात ५० हर्ट्झचा. त्या वारंवारतेची व तिच्या पटींची गुणगुण सिंगल कॉइलमध्ये ऐकू येते. गिब्सनमधील अभियंता सेथ लव्हर यांनी त्यावर तोड काढली. त्यांनी दोन वेटोळी शेजारी ठेवली, त्यांच्या गुंडाळणीची दिशा एकमेकींच्या उलट केली आणि चुंबकीय ध्रुवही उलट ठेवले. बाहेरची गुणगुण दोन्ही वेटोळ्यांत परस्परविरुद्ध उमटते व रद्द होते. तारेचा संदेश मात्र दोन उलट्यांमुळे सुलट होऊन एकत्र मिळतो. गुणगुण मारणारा म्हणून त्याचे नाव हंबकर पडले. १९५५ मध्ये त्याच्या एकस्वासाठी अर्ज झाला व १९५९ मध्ये एकस्व मिळाले. दरम्यान १९५७ पासून गिब्सनच्या पिकअपांवर ‘एकस्वासाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी लावली जाई. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या पिकअपांना आजही ‘पीएएफ’ म्हणतात.

केवळ बदलीसाठी पिकअप बनवण्याचा व्यवसाय १९७०च्या दशकात उभा राहिला. लॅरी डिमार्झिओ यांचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ हा जोरकस पिकअप १९७२ मध्ये आला; सीमूर डंकन यांची कंपनी १९७६ मधली. त्याच दशकात एडी व्हॅन हेलन यांनी स्ट्रॅटोकॅस्टरच्या घाटाच्या गिटारमध्ये ब्रिजजवळ गिब्सनचा हंबकर बसवला. आज कारखान्यातूनच एक हंबकर व दोन सिंगल कॉइल अशा रचनेचे असंख्य गिटार निघतात, त्यांना हे वळण अशाच घरगुती खटपटींतून मिळाले.

रोधाच्या आकड्याचा अर्थ

पिकअपच्या वेष्टनावर बहुधा किलोओहममध्ये विद्युत रोध छापलेला असतो. पारंपरिक स्ट्रॅटोकॅस्टर पिकअपचा रोध साधारण साडेपाच ते साडेसहा, पीएएफ धाटणीच्या हंबकरचा ७ ते ९ आणि ‘हाय आउटपुट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हंबकरचा १३ ते १७ किलोओहम असतो. यावरून आकडा जितका मोठा तितका पिकअप जोरकस, असा समज पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे. तार तीच ठेवून फेरे वाढवले तर रोध वाढतो व संदेशही वाढतो, हे बरोबर. परंतु ४२ गेजऐवजी अधिक बारीक ४३ गेजची तार घेतली तर तेवढ्याच फेऱ्यांत रोध सुमारे सव्वापट होतो, संदेश मात्र वाढत नाही. चुंबक कोणते व किती प्रबळ, वेटोळे उंच व अरुंद की बुटके व रुंद, यांचा रोधाच्या आकड्यात मागमूसही नसतो.

शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. एसीच्या खोलीत २२ अंश सेल्सिअसला ८ किलोओहम दाखवणारा पिकअप नागपूरच्या मे महिन्यात ४२ अंशांना सुमारे ८.६ दाखवेल. त्याने आवाज बदलत नाही. दोन पिकअपांतील अर्ध्या किलोओहमच्या फरकावर खल करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. रोधाचा खरा उपयोग एवढाच, की एकाच उत्पादकाच्या एकाच घडणीच्या दोन पिकअपांची तुलना करता येते आणि वेटोळे तुटले आहे काय हे मल्टिमीटरने तपासता येते.

अनुस्पंदन, केबल व पॉट

आवाजाच्या पोताबद्दल रोधापेक्षा कितीतरी अधिक सांगणारी राशी म्हणजे वेटोळ्याची प्रवर्तकता. ती हेन्रीमध्ये मोजतात. स्ट्रॅटोकॅस्टर पिकअपची प्रवर्तकता सुमारे २.४, पीएएफ धाटणीच्या हंबकरची साधारण साडेचार, तर फार फेऱ्यांच्या हंबकरची ८ हेन्रीपर्यंत जाते. ही प्रवर्तकता आणि केबलची धारिता मिळून एक अनुस्पंदी परिपथ तयार होतो. त्याच्या ठरावीक वारंवारतेभोवती आवाजाला उठाव मिळतो आणि तिच्या वर तो झपाट्याने उतरतो.

गिटारच्या साध्या केबलची धारिता मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड असते. ५ मीटरची केबल व वेटोळ्याची स्वतःची अल्प धारिता धरून एकूण ६०० पिकोफॅरड मानले, तर स्ट्रॅटोकॅस्टर पिकअपचा उठाव ४,२०० हर्ट्झच्या आसपास येतो. पीएएफ धाटणीच्या हंबकरचा ३,१०० आणि ८ हेन्रीच्या हंबकरचा २,३०० हर्ट्झच्या आसपास. पहिल्याला ‘चमकदार’, दुसऱ्याला ‘उबदार’ आणि तिसऱ्याला ‘दणकट’ ही विशेषणे का लागतात, याचा बराचसा उलगडा या तीन आकड्यांत आहे.

आता केबल १० मीटरची घेतली, तर त्याच स्ट्रॅटोकॅस्टर पिकअपचा उठाव ४,२०० वरून सुमारे ३,१०० हर्ट्झवर उतरतो, म्हणजे जवळजवळ हंबकरच्या जागी. आवाजाचा जोर हंबकरसारखा होत नाही आणि गुणगुणही जात नाही. पण कर्कशपणा हीच तक्रार असेल तर तिचे उत्तर एका लांब केबलमध्ये सापडू शकते. उलट, हंबकर ‘कोंदटलेला’ वाटत असेल तर प्रथम केबल आखूड करून पाहावी.

व्हॉल्यूम व टोनच्या पॉटचाही यात हात असतो. पॉटचा रोध जितका कमी, तितका अनुस्पंदनाचा उठाव बसका होतो. म्हणून सिंगल कॉइलसोबत २५० व हंबकरसोबत ५०० किलोओहमचे पॉट वापरण्याचा प्रघात आहे. स्ट्रॅटोकॅस्टरमध्ये ब्रिजजवळ हंबकर बसवताना जुने २५० चे पॉट तसेच ठेवले तर हंबकर मलूल वाटतो. सगळे ५०० चे केले तर उरलेले दोन सिंगल कॉइल टोचू लागतात. अशा वेळी ५०० चे पॉट घालून सिंगल कॉइलच्या जोडणीत ४७० किलोओहमचा एक साधा रोधक समांतर जोडतात. दोन्हींचा एकत्रित रोध सुमारे २४२ किलोओहम होतो आणि सिंगल कॉइलला जुनाच भार मिळतो.

बदलण्यापूर्वीची तपासणी

स्ट्रॅटोकॅस्टरविषयीची सर्वांत जुनी तक्रार म्हणजे ब्रिजजवळचा पिकअप कानाला टोचतो. मूळ रचनेत टोनचे दोन नियंत्रक नेकजवळच्या व मधल्या पिकअपसाठी असतात; ब्रिजजवळच्या पिकअपला टोनचे नियंत्रणच जोडलेले नसते. स्विचपासून टोनच्या पॉटपर्यंत वीतभरही नसलेली तार डाखली की हा दोष बव्हंशी दूर होतो. नवा पिकअप आणून तो जुन्याच जोडणीत बसवणाऱ्याला हे कळेपर्यंत पैसे गेलेले असतात.

दुसरी बाब उंचीची. पिकअपच्या बाजूचे स्क्रू फिरवून तो वरखाली करता येतो. तार शेवटच्या पट्टीवर दाबून धरल्यावर तार व पिकअप यांत साधारण दीड ते अडीच मिलिमीटर अंतर ठेवतात, जाड तारांच्या बाजूला थोडे अधिक. अंतर कमी केले की जोर वाढतो. परंतु स्ट्रॅटोकॅस्टरसारख्या पिकअपमध्ये प्रबळ दंडचुंबक थेट तारेखाली असतात. ते फार जवळ आले तर तारेला ओढून धरतात. मग वरच्या पट्ट्यांवर स्वर थरथरतो, गिटार सुरात लागत नाही, आणि दोष नेकला किंवा ब्रिजला दिला जातो. उंची बदलायला लागतो फक्त स्क्रू ड्रायव्हर. तंबोऱ्याच्या घोडीवर सूत किंचित सरकवून जवारी लावणाऱ्याला जो धीर लागतो तोच येथे हवा: पाव फेरा फिरवावा आणि ऐकावे.

गुणगुणीबद्दल तक्रार असेल तर तिचा प्रकार ओळखावा लागतो. गिटार धरून जागच्या जागी वळल्यावर गुणगुण कमीजास्त होत असेल, तर ती वेटोळ्याने टिपलेली चुंबकीय गुणगुण होय. तिच्यावर हंबकर किंवा एकावर एक दोन वेटोळी रचलेला ‘नॉइजलेस’ पिकअप हाच उपाय. तारांना हात लावताच खरखर कमी होत असेल, तर ती विद्युतक्षेत्रामुळे येणारी खरखर होय. आतील पोकळीला तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडली की पुष्कळ फरक पडतो. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर प्रश्न पिकअपचा नाहीच. अशा वेळी वाजवणे तत्काळ थांबवून ॲम्प्लिफायर व घरातील अर्थिंग जाणकाराकडून तपासून घेणे आवश्यक आहे. त्यात जिवाला धोका असतो.

चुंबक व मेण

पिकअपमध्ये मुख्यतः दोन प्रकारची चुंबके आढळतात: ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे अल्निको आणि फेराइटचे, ज्याला बाजारात सिरॅमिक म्हणतात. अल्निकोमध्ये २ क्रमांकाचे सौम्य आणि ५ क्रमांकाचे प्रबळ समजले जाते. स्वस्त गिटारांतील सिंगल कॉइलमध्ये अनेकदा पोलादी खिळे व त्यांच्या खाली सिरॅमिकची पट्टी अशी रचना असते. पोलादामुळे प्रवर्तकता वाढते आणि वरच्या उपस्वरांची धार कमी होते. अशा गिटारमध्ये अल्निको दंडांचे पिकअप बसवल्यावर होणारा बदल कानाला स्पष्ट जाणवतो. मात्र सिरॅमिक म्हणजे हलके आणि अल्निको म्हणजे उंची, ही प्रतवारी खरी नव्हे. उपरोक्त ‘सुपर डिस्टॉर्शन’ सिरॅमिकचाच आहे.

वेटोळ्याचे फेरे सैल असतील तर मोठ्या आवाजात ते स्वतःच कंप पावतात आणि पिकअप शिट्टी मारू लागतो. ते टाळण्यासाठी पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून काढतात. इंग्लंडमधील क्वीन या वृंदाचे ब्रायन मे यांनी वडिलांच्या मदतीने घरी बनवलेल्या गिटारमध्ये बर्न्स कंपनीचे पिकअप बसवले होते. त्यांनी याच कारणासाठी मेणाऐवजी अराल्डाइट वापरले. अराल्डाइट एकदा घट्ट झाले की दुरुस्ती संपलीच, म्हणून मेण बरे. चढ्या आवाजात वाजवणाऱ्याने मेणात बुडवलेलाच पिकअप निवडावा.

मापे व जोडणी

स्ट्रॅटोकॅस्टरची वरची प्लास्टिकची पट्टी उचलून खालचे कोरीव खाचे पाहिल्याशिवाय हंबकर मागवू नये. काही गिटारांत तीन अरुंद खाचे असतात, काहींत ब्रिजजवळ रुंद खाच आधीच कोरलेली असते. अरुंद खाच असल्यास लाकूड कोरण्याऐवजी सिंगल कॉइलच्या आकारात बसणारा हंबकर घेता येतो. लाकूड एकदा कोरले की पूर्ववत होत नाही. पिकअप बदलण्याच्या साऱ्या कामात अपरिवर्तनीय पायरी हीच.

ध्रुवखिळ्यांमधील अंतरही जुळावे लागते. गिब्सन धाटणीच्या हंबकरमध्ये पहिल्या ते सहाव्या खिळ्याचे अंतर सुमारे ४९ मिलिमीटर असते. फेंडर धाटणीच्या ब्रिजवर तारा अधिक पसरलेल्या असल्याने तेथे सुमारे ५२ मिलिमीटरचा पिकअप योग्य ठरतो. थोडा फरक चालतो, पण कडेची तार खिळ्याच्या फार बाहेर जाऊ नये.

हंबकर चार वायरींचा घेतल्यास दोन्ही वेटोळी एकसर किंवा समांतर जोडता येतात, किंवा एक बंद ठेवून सिंगल कॉइलसारखा आवाज काढता येतो. एकाच वायरीच्या जुन्या पद्धतीच्या हंबकरमध्ये ही सोय नसते. फक्त मधला पिकअप बदलायचा असेल तर विशेष काळजी हवी. अनेक आधुनिक स्ट्रॅटोकॅस्टरमध्ये मधल्या पिकअपची गुंडाळणी व ध्रुव उलटे असतात, त्यामुळे पाच जागांच्या स्विचच्या दुसऱ्या व चौथ्या जागी दोन पिकअप मिळून हंबकरचे काम करतात. त्या जागी साधा पिकअप आला की गुणगुण परत येते. ध्रुव जुळले पण गुंडाळणी उलटली, तर दोन पिकअपांचे संदेश एकमेकांना खाऊन आवाज पातळ व पोकळ होतो. तेव्हा एकाच्या दोन वायरींची अदलाबदल करतात. ध्रुव होकायंत्राने तपासता येतात.

बॅटरीवर चालणारे ‘ॲक्टिव्ह’ पिकअप हा वेगळा पंथ आहे. त्यांत ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा प्रवर्धक पिकअपमध्येच असतो, त्यामुळे केबलच्या लांबीचा वर सांगितलेला परिणाम जवळपास नाहीसा होतो. त्यांना सहसा २५ किलोओहमचे पॉट लागतात. बॅटरीसाठी जागा शोधावी लागते, आणि पॉटपासून जॅकपर्यंत सगळेच बदलावे लागते. जड संगीत वाजवणाऱ्यांत ते विशेष प्रिय आहेत.

जुने पिकअप

काढलेले पिकअप, त्यांचे स्क्रू व स्प्रिंग जपून ठेवावेत आणि मूळ जोडणीचे छायाचित्र काढून ठेवावे. वायरी पिकअपच्या बुडाशी न कापता पॉटच्या टोकाला डाख वितळवून सोडवाव्यात, म्हणजे त्यांची लांबी शाबूत राहते. ब्रिजला जोडलेली अर्थची वायर पुन्हा जोडायला विसरल्यास नवा पिकअप सदोष असल्याचा भास होतो. १९५० च्या दशकातील गिटारांच्या बाबतीत मूळ पिकअप नसल्यास संग्राहकांच्या लेखी वाद्याचे मोल मोठ्या प्रमाणात घटते. १९७०च्या दशकात अधिक जोरकस आवाजाच्या ओढीने काढले गेलेले पीएएफ आज सुटे विकले जातात, आणि त्यांच्या आवाजाची नक्कल करणारे नवे पिकअप जवळपास प्रत्येक उत्पादकाच्या यादीत आहेत.